कार्तिक वद्य पंचमी, चार हजार आठशे डीपीआय

अन्नपूर्णाबाईंना एक फोटो बघायचा होता. काम एवढंच होतं.

आषाढात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं, उजव्या डोळ्याचा नाद सोडा म्हणाले, आणि डाव्याबद्दल "दिवाळीपर्यंत धरून ठेवू, पुढचं बाबा विश्वनाथ जाणे" असं सांगून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. या दुखण्यात कडा शाबूत राहतात आणि मधलं जातं; दार दिसतं, दारात कोण उभं आहे ते दिसत नाही. काशीतल्या मंगला गौरीच्या गल्लीत परत आल्यावर, जिना चढून झाल्यावर, पदराने चष्मा पुसत त्या मुलाला म्हणाल्या, "नीलू, डोळा आहे तोवर कालिंदीचा फोटो दाखव रे एकदा. तिचं बाकी सगळं आठवतं. चालणं, खोकणं, भातावर तूप मागणं. चेहरा तेवढा पुसला गेलाय."

कालिंदी ही अन्नपूर्णाबाईंची धाकटी बहीण. सहासष्ट वर्षांपूर्वी ती ग्वाल्हेरहून कार्तिकस्नानासाठी बहिणीकडे आली, महिनाभर राहिली, परत गेली आणि पुढच्या पावसाळ्यात विषमज्वराने वारली. अठरा वर्षांची होती. तिचा जन्मात एकच फोटो निघाला, तो अन्नपूर्णाबाईंच्या पतींनी, वासुदेवशास्त्र्यांनी, पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर काढलेला. त्याची एकुलती एक प्रत ग्वाल्हेरला गेली आणि तिथे वाळवीने खाल्ली. पण निगेटिव्ह घरात होती. वासुदेवशास्त्री धंद्याने याज्ञिक आणि वृत्तीने फोटोग्राफर होते. यजमानांचं श्राद्ध उरकलं की सोवळं न सोडता ते त्यांना पायऱ्यांवर बसवून फोटो काढत. माळ्यावर बारा महिन्यांचे बारा पत्र्याचे डबे होते. डब्यात पाकिटं, पाकिटात चौकोनी निगेटिव्ह. फिल्म धुवायचे चौकातले मुन्नूबाबू, अस्सल बनारसी. फोटो काढल्याची तिथी पाकिटावर जांभळ्या शाईने तेच घालायचे. साल नाही. साल लिहू नका असं शास्त्रीबुवांनीच त्यांना बजावलं होतं, कारण श्राद्ध तिथीला येतं, सालाला येत नाही.

"कार्तिक वद्य पंचमीचा फोटो," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "षष्ठीला तिची गाडी होती. तिथी माझी चुकायची नाही."

कोणीही साधा माणूस असता तर त्याने कार्तिकाचा डबा उतरवून, वद्य पंचमीची पाच-सहा पाकिटं खिडकीच्या उजेडात धरून बघितली असती आणि संध्याकाळी घाटावर फिरायला गेला असता. पण नीलकंठराव देवस्थळी रेल्वेच्या वेळापत्रक विभागातून निवृत्त झाले होते. छत्तीस वर्षं त्यांनी गाड्या कागदावर वेळेवर चालवल्या होत्या. कुठलंही काम एकदाच करायचं आणि नीट करायचं, हा त्यांचा बाणा होता. माळ्यावर चढून त्यांनी बारा डबे मोजले, त्यातल्या निगेटिव्ह चार हजारांच्या घरात जातील असा अंदाज बांधला, आणि खाली उतरून जाहीर केलं की एक फोटो काय, वडिलांचा समग्र संग्रह डिजिटल होईल.

"आईंना एक फोटो बघायचाय," शरदिनीबाई म्हणाल्या. या त्यांच्या पत्नी. हे वाक्य त्यांना पुढे कार्तिकापर्यंत बऱ्याचदा म्हणावं लागलं.

"उजेडात धर की रे," आईने सुचवलं.

"आई, बोटांना तेल असतं. फिल्मवर एक ठसा उमटला की कायमचा."

मग डीपीआयचा प्रश्न आला. एका इंचात यंत्राने किती ठिपके टिपायचे, म्हणजे डीपीआय. ठिपके कमी घेतले तर फोटो मोठा केल्यावर चेहऱ्याचं थालीपीठ होतं; जास्त घेतले तर संगणकाला धाप लागते. नीलकंठरावांनी नवी वही काढली, पट्टीने रकाने आखले, आणि सल्ला घ्यायला सुरुवात केली. सल्ल्याची या गल्लीत कधी टंचाई नसते.

समोरच्या घरातले शिवरामशास्त्री वेदपाठशाळेत शिकवत. ते म्हणाले, "तीनशे पुष्कळ झाले, नीलकंठराव. माझ्या भाचीच्या लग्नाचा अल्बम तीनशेवरच केला. अजून कसा चकाचक आहे."

नीलकंठरावांनी त्यांना समजावलं की कागदावर छापताना तीनशे ठीक आहेत, पण सव्वादोन इंचाची निगेटिव्ह तीनशेवर घेतली तर फोटो पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा निघेल. शिवरामशास्त्र्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तीनशेवर ठाम राहिले. पुण्याला नोकरी करणाऱ्या ईशानीला फोन लावला, तर मुलगी म्हणाली, "बाबा, इतना क्या सोचना? मागे टॅब्लेटचा पांढरा स्क्रीन लावा, मोबाइलने फोटो काढा, अॅपमध्ये उलटा करा. पाच मिनिटं." नीलकंठरावांनी वडिलांच्या आयुष्यभराच्या साधनेचा आणि अॅपचा एका वाक्यात उल्लेख केल्याबद्दल तिला पंधरा मिनिटं सुनावलं. त्यात पाच मिनिटं अशी तीनदा गेली.

शेवटी ते इंटरनेटवरच्या जाणकारांच्या एका मंडळात दाखल झाले. तिथे जगभरचे निवृत्त लोक याच प्रश्नावर एकमेकांचा पाणउतारा करत बसलेले होते. जर्मनीतल्या एका गृहस्थांचं म्हणणं, चार हजार आठशेच्या खाली जाणं हा फिल्मचा अपमान आहे. नागपूरच्या एकांचं म्हणणं, चोवीसशेच्या वर तुम्ही फक्त धूळ मोजता. नीलकंठरावांनी नम्रपणे विचारलं की नव्वद वर्षांच्या घरात येऊन ठेपलेल्या मातोश्रींना फोटो बघण्यासाठी किती घ्यावेत. उत्तर आलं, "हा प्रश्न आधी एकशे बारा वेळा विचारला गेला आहे. शोधा." रेल्वेत त्यांच्याशी असं कोणी बोललं नव्हतं.

याच सुमारास शिवरामशास्त्र्यांनी एक कामाची गोष्ट सांगितली. गंगेकाठच्या एका जुन्या संस्थेकडे फिल्म स्कॅन करायचं मोठं यंत्र आहे आणि अर्ज केला तर ते मोफत करून देतात. नीलकंठराव सोमवारी गेले तर संस्था बंद. गल्ल्यांतून कावडवाल्यांचे लोंढे वाहत होते. काशीचा श्रावण लागला होता, घरच्या पंचांगातला लागायला अजून आठवडा होता. मंगळवारी गेले तर खिडकीवरचे बाबू भेटले. त्यांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "फोटोग्राफर की सहमति नहीं लगी है."

"फोटोग्राफर मेरे पिताजी थे."

"तो उनको ले आइए. यहीं दस्तख़त कर देंगे."

"वे अब नहीं रहे."

"ओहो," बाबू हळहळले. "तो फिर मृत्यु प्रमाणपत्र ले आइए. दो प्रति."

प्रमाणपत्र सापडायला आठ दिवस गेले. ते दुर्गासप्तशतीच्या पोथीत होतं. बाबूंनी ते उलटसुलट करून बघितलं, शिक्का मारला, आणि म्हणाले की आता काही अडचण नाही, फक्त समितीला दाखवण्यासाठी निगेटिव्हचा एक डिजिटल नमुना ईमेल करा. नीलकंठरावांनी विचारलं, की डिजिटल करता येत नाही म्हणूनच तर आपण इथे आलो आहोत ना? बाबूंनी सहानुभूतीने मान डोलावली. "सबको यहीं दिक़्क़त आती है," ते म्हणाले.

तेव्हा स्कॅनर विकत घ्यायचा ठरला. झाकणात दिवा असलेला, फिल्मसाठी खास चौकटी असलेला. तो आला, आणि घरातल्या जुन्या संगणकाला जोडला. चार हजार आठशे डीपीआयवर एका निगेटिव्हची फाइल सव्वादोनशे एमबीची होणार होती. जुन्या संगणकाने पहिल्या निगेटिव्हचा वरचा चतकोर भाग घेतला, त्यात आकाश आणि एक बांबू आला, आणि मग पडदा निळा पडला. पुन्हा सुरू केला तेव्हा घड्याळात १९८० साल होतं.

"रॅम कम है, चाचा," संगणकाच्या दुकानातले चौरसिया म्हणाले. रॅम वाढवायची तर जुन्या बोर्डावर जागा नव्हती. बोर्ड बदलायचा तर प्रोसेसर बदलायला हवा होता. ते दोन्ही बदलले तर जुना डबा कशाला ठेवायचा, असं चौरसियांनी विचारलं, आणि नीलकंठरावांना त्यात तर्कदोष सापडेना. मग चार हजार फायली ठेवायला मोठी हार्ड डिस्क, ती बिघडली तर म्हणून दुसरी, लाइट गेले तर म्हणून यूपीएस, आणि आईला नीट दिसावं म्हणून सत्तावीस इंची मॉनिटर. मॉनिटर नीलकंठरावांनी स्वतः सुचवला. सगळ्या यादीत आईसाठी अशी तेवढी एकच वस्तू होती आणि तिचा त्यांना अभिमान वाटला.

चौरसियांची गाडी मैदागिनपाशी थांबली, कारण पुढे गल्ल्या. भाद्रपदातली झड लागलेली. त्यांच्या दोन माणसांनी मॉनिटरचं खोकं आणि डब्याचं खोकं एकापुढे एक ठेवलं, पाणी लागू नये म्हणून पांढऱ्या चादरीत गुंडाळलं, दोन बांबूंवर सुतळीने बांधलं आणि खांद्यावर घेतलं. मागून नीलकंठराव, उघड्या डोक्याने, कारण छत्री खोक्यावर धरली होती. पहिल्याच वळणावर पानवाल्याने हात जोडले. पुढे एक सांड सोडला तर सगळ्यांनी वाट दिली. कोणीतरी "राम नाम सत्य है" म्हटलं आणि दोघा-चौघांनी त्याला साथ दिली. ब्रह्माघाटाच्या तोंडाशी एका वृद्ध गृहस्थांनी नीलकंठरावांचा दंड धरला. "कौन थे?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. "कंप्यूटर," नीलकंठराव म्हणाले. गृहस्थांना ऐकू कमी येत असावं. "धीरज रखिए," ते म्हणाले, "लेकिन मणिकर्णिका उधर है. आप लोग उल्टा जा रहे हैं."

घरात डबा चालू केला तर आत निळे, जांभळे, हिरवे दिवे फिरू लागले. खेळ खेळणाऱ्या मुलांसाठी असा डबा येतो. चौरसियांकडे तोच शिल्लक होता. अन्नपूर्णाबाईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. "नवा देव्हारा आणलास होय?" त्या म्हणाल्या. त्यांना आता समोर धरलेल्या वाटीत वरण आहे की आमटी ते कळत नव्हतं, पण कडेचे दिवे स्पष्ट दिसत होते.

यंत्र सुरू करायचा मुहूर्त खंडेनवमीचा निघाला. शस्त्रपूजेच्या दिवशी मराठी घरात विळीपासून स्कूटरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं, मग स्कॅनरने काय पाप केलं? पूजा शिवरामशास्त्र्यांनी सांगितली. त्यांनी विचारलं, यंत्राचं मर्मस्थान कोणतं? नीलकंठरावांनी झाकण उघडून काच दाखवली. शिवरामशास्त्र्यांनी मर्मस्थानी गंध, अक्षता, हळद, कुंकू आणि झेंडूची पाकळी वाहिली आणि वर पळीभर गंगाजल प्रोक्षण केलं.

काच पुसता आली. काचेखाली उतरलेलं कुंकू पुसता आलं नाही. नीलकंठरावांनी चैत्राच्या डब्यापासून सुरुवात केली, कारण वर्ष चैत्रापासून सुरू होतं आणि वेळापत्रक मधल्या स्टेशनापासून वाचायचं नसतं. पहिल्या चव्वेचाळीस फोटोंमध्ये, मग त्यात कोणीही असो, उजव्या बाजूला वर एकाच ठिकाणी पांढरा ठिपका होता. काही यजमानांच्या तो कपाळावर आला होता आणि शोभून दिसत होता. बाकीच्यांच्या कानात.

त्यावर स्कॅनरच्या प्रोग्रॅममध्येच उपाय होता. धूळ आणि चरे आपोआप काढून टाका, असं एक बटण होतं. नीलकंठरावांनी ते दाबून चव्वेचाळीस फोटो पुन्हा घेतले. ठिपका गेला. दुपारी चहाला आलेले शिवरामशास्त्री कौतुकाने मॉनिटरसमोर बसले. चैत्र शुद्ध नवमीच्या एका फोटोत त्यांचे वडील उघड्या अंगाने वेदघोष करत होते. शिवरामशास्त्री पुढे वाकले, मागे सरले, आणि त्यांचा कप बशीत वाजला.

"नीलकंठराव, आमच्या अण्णांचं जानवं कुठंय?"

जानवं नव्हतं. काळ्या छातीवरची बारीक पांढरी रेघ यंत्राने चरा समजून काढून टाकली होती. शेजारच्या अकरा वैदिकांचीही तीच गत. त्यातल्या दोघांच्या शेंड्याही गेल्या होत्या. शिवरामशास्त्र्यांनी चहा अर्धा ठेवला, हे काढलंत ते परत घाला एवढंच म्हणाले, आणि नऊ दिवस समोरचं दार लावून घेतलं. त्या नऊ दिवसांत नीलकंठरावांनी स्कॅनर खोलून काच साफ करून आणली आणि सगळ्यांच्या पुन्हा मुंजी लावल्या.

एका फोटोला अकरा मिनिटं लागत. दिवसाला तीस फोटो होत, लाइट राहिले तर. यूपीएस होता, पण तो संगणकाला धरत असे; स्कॅनरचं बटण दुसऱ्या बोर्डावर होतं हे कळायला एक आठवडा गेला. फिल्मवर ठसे उमटू नयेत म्हणून आणलेल्या पांढऱ्या हातमोज्यांपैकी डावा माकडाने पळवला आणि समोरच्या गच्चीवर बसून तो घालून बघितला. उजव्या हातमोज्यावर चैत्र संपला. त्या संध्याकाळी शरदिनीबाई जेवण वाढता वाढता थांबल्या.

"अहो, आज आईंनी मला हाक मारली."

"मग?"

"मी समोर बसले होते. त्या मला विचारत होत्या, शरदिनी कुठे गेली."

नीलकंठरावांनी घास खाली ठेवला. वेळापत्रकात वैशाख, ज्येष्ठ, आषाढ अशी स्टेशनं अजून पुढे होती. त्यांनी सकाळी उठून, आयुष्यात पहिल्यांदाच, सहा स्टेशनं सोडून गाडी थेट कार्तिकाला नेली.

कार्तिकाच्या डब्यात कृष्ण पंचमीची सहा पाकिटं होती. बहात्तर निगेटिव्ह. अडीच दिवस दोघं नवराबायको मॉनिटरसमोर बसून होती. नांदेडचं एक कुटुंब आलं, इंदूरचे दोन भाऊ आले, बोडक्या बायका, बोडके पुरुष, होडीत एक बकरी. अठरा वर्षांची मुलगी आली नाही. तिथीत एखादा दिवस इकडेतिकडे झाला असेल म्हणून नीलकंठरावांनी चतुर्थी घेतली, षष्ठी घेतली, मग प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत सगळा पंधरवडा घेतला. मधे दिवाळी आली आणि गेली. आणखी कुठे गडबड व्हायला नको म्हणून ते रोज वहीत खुणा करत होते. फराळाचं ताट घेऊन आलेल्या शिवरामशास्त्र्यांना आता राग नव्हता. ते म्हणाले, "मातोश्रींच्या आठवणीत तिथी चुकली असेल हो. सहासष्ट वर्षं झाली."

आतल्या खोलीतून आवाज आला. "तिथी चुकलेली नाही."

डॉक्टरांनी डावा डोळा पुन्हा बघितला. धरायचं तेवढं धरलं, असं म्हणाले.

कार्तिकी पौर्णिमा झाली. घाटांवर दिवे लागले, माणसांची रेटारेटी झाली, पंचगंगेवर महिनाभर बांबूंच्या टोकाला लटकणाऱ्या टोपल्यांतले आकाशदिवे उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला जिन्यात बरणी ठेवून हात चोळत म्हणाला, "अगहन लग गया, अम्मा. अब ठंड पड़ेगी."

शरदिनीबाई पातेलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी दूध घेतलं नाही. त्या तशाच पातेल्यासकट आत आल्या.

"अहो, आज आपल्याकडे कोणता महिना?"

"कार्तिक. वद्य प्रतिपदा. का?"

"आणि दूधवाल्याकडे?"

नीलकंठरावांनी वही मिटली. आपला महिना अमावास्येला संपतो, काशीचा पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोघांचा एक, वद्य पक्षाला मात्र महिन्याचं नाव वेगळं. हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं. दर श्रावणात ते पाहुण्यांना हौसेने समजावत. अन्नपूर्णाबाईंची पंचमी घरच्या पंचांगाची होती, आणि पाकिटावरची जांभळी शाई मुन्नूबाबूंची. आकाशदिवे उतरल्यावर पाचव्या दिवशी मुन्नूबाबूंच्या लेखी कार्तिक संपून अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, लागलेला होता. छत्तीस वर्षं वेळापत्रक केलेल्या माणसाने सगळा पंधरवडा एक महिना आधीच्या फलाटावर उभं राहून काढला होता.

मार्गशीर्षाचा डबा शरदिनीबाईंनीच उतरवला. कृष्ण पंचमीचं तिसरं पाकीट उघडलं, एक निगेटिव्ह कडेने धरून त्यांनी खिडकीत नेली आणि हाक मारली. त्यांना हातमोजा शोधायला सांगायचं नीलकंठरावांना सुचलं नाही. उजेडात पायऱ्या काळ्या-पांढऱ्या उलट्या दिसत होत्या, आणि पायरीवर एक मुलगी बसली होती. पाच सेकंद लागले.

तरी ती स्कॅन करायला हवीच होती. अकरा मिनिटं तिघं बसून राहिली. चित्र वरून खाली उलगडत गेलं. आधी आकाश, मग रिकामे बांबू, मग केस. अन्नपूर्णाबाईंची खुर्ची मॉनिटरच्या अगदी जवळ ओढली होती. त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"पायऱ्या दिसतात," त्या म्हणाल्या. "मधे धुकं आहे."

नीलकंठरावांनी चेहरा मोठा केला. सत्तावीस इंच चेहरा झाला.

"आता धुकंच आहे," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

नीलकंठरावांना लाज वाटली. कोणाची चूक काढून ती कमी होण्यासारखी नव्हती. आषाढात याच खिडकीत, याच उजेडात, बोटांच्या तेलासकट ही निगेटिव्ह धरली असती आणि मुलीने सांगितलं तसा मोबाइलने फोटो काढला असता, तर आईने बहीण बघितली असती. "आई," ते म्हणाले, "मी फार उशीर केला."

"हो, केलास," आई म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुला दिसतेय ना?"

"हो."

"मग सांग."

नीलकंठरावांनी घसा साफ केला. "वय अंदाजे अठरा. अंगाने सडपातळ. बैठक तिसऱ्या पायरीवर, तोंड पूर्वेला..."

"गाडीची माहिती नको, नीलू. ती सांग."

त्यांनी जन्मात कोणाचा चेहरा सांगितला नव्हता. शरदिनीबाईंकडे बघितलं, तर त्या मॉनिटरकडे बघत होत्या. मग त्यांनी माउस हातात घेतला, आणखी जवळ गेले, आणि वाचायला लागले. केस ओले आहेत. भांग सरळ नाही, डावीकडे वळलाय. एक बट कानाशी चिकटलीय. डावी भुवई मधे तुटलीय, तिथे बारीक खूण आहे.

"झोपाळ्यावरून पडली होती," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "पुढे. पोलकं दिसतं?"

"दिसतंय. बारीक चौकटीचं आहे."

"माझं होतं ते. डाव्या खांद्याला रफू आहे का बघ."

नीलकंठरावांनी खांदा मोठा केला. तीनशेवर तिथे काही नसतं. चोवीसशेवर एक करडा डाग असता. चार हजार आठशेवर टाके एकेक करून मोजता येत होते. "आहे. सात टाके."

"आठ."

"सात दिसतायत, आई."

"आठ आहेत. मी घातलेत."

ते आणखी पुढे गेले. कापडाला तिथे चुणी पडली होती आणि चुणीच्या सावलीत आठवा टाका होता. "आठ," ते म्हणाले.

"तोंडाकडे ये. हसतेय?"

"नाही. ओठ मिटलेत. पण उजव्या कोपऱ्यात जरा... हसू दाबून धरलंय असं वाटतंय. गालाला तिथे खळी पडायला आलीय आणि पडली नाही."

"तुझे वडील ओरडले होते, हलू नकोस म्हणून." अन्नपूर्णाबाईंनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांनी त्या बराच वेळ समोर बघत राहिल्या, आणि मग त्यांच्याच गालाला उजव्या बाजूला खळी पडली. "हां," त्या म्हणाल्या. "ही बघ. आली."

वैशाखाचा डबा अजून माळ्यावरच आहे. इंटरनेटवरच्या जाणकारांच्या मंडळात डीपीआयचा वाद चालू आहे, नीलकंठराव तिकडे जात नाहीत. संस्थेच्या बाबूंचं पत्र आलं, की नमुना अद्याप मिळाला नाही. तेही त्यांनी बाजूला ठेवलं. संध्याकाळी साडेपाचला दिव्यांचा डबा लागतो, खुर्ची मॉनिटरजवळ ओढली जाते, आणि शिवरामशास्त्रीही कधीमधी येऊन मागे बसतात. वेळ चुकत नाही.

"काल कुठवर आलो होतो?" नीलकंठराव विचारतात.

"बांगड्यांपर्यंत," अन्नपूर्णाबाई सांगतात. "आज हात वाच."